स्वयंपाकघरातली एक मिनिट शांतता

१

शांतता चोरीला गेली ती जूनमधल्या एका शनिवारी, दुपारी तीन ते सातच्या दरम्यान. हसू नका. आधी मीही हसलेच होते. फेर्मिन जिन्यावरून खाली आला, तोंड पांढरंफटक, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "विना, माझी शांतता कोणीतरी नेली." मला वाटलं, खाली डॉमिनो खेळणाऱ्यांनी आरडाओरडा करून याची झोपमोड केली असेल. म्हटलं, कानात बोळे घाल आणि पड गुपचूप. पण तो गेला नाही, तिथंच उभा राहिला.

फेर्मिन आमच्या सिनेमाचा ध्वनिमुद्रक. त्रेसष्ट वर्षांचा, बुटका, डाव्या कानानं जरा कमी ऐकणारा. ही डाव्या कानाची गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मी एतेल्विना, सगळे विना म्हणतात. माझं काम कंटिन्युइटीचं. नटाच्या कुठल्या हातात ग्लास होता, सिगारेट किती जळली होती, शर्टाचं वरचं बटण लागलेलं होतं की नव्हतं, हे सगळं वहीत टिपून ठेवायचं, म्हणजे उद्याचं शूटिंग आजच्याला जुळतं. तेहेतीस वर्षं मी हेच करत आले. माझा नवरा म्हणायचा, तुझ्याशी संसार म्हणजे पोलीस चौकीत भाड्यानं राहणं.

आता शांतता म्हणजे काय ते सांगते. शूटिंग संपलं की फेर्मिन सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचा आणि एक मिनिट नुसती शांतता टेप करायचा. कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. संवाद कापले, मध्ये थोडा विराम वाढवला, की तिथं भोक पडतं, आणि त्या भोकाला त्याच खोलीची शांतता लावावी लागते. कापड फाटलं तर ठिगळ त्याच ताग्यातलं लागतं, तसंच हे. आमच्याकडे वर्षानुवर्षं सिनेमे मुकेच काढायचे आणि आवाज मागाहून माद्रिदच्या स्टुडिओत भाड्याच्या गळ्यांनी भरायचे. फेर्मिन त्याच्या विरुद्ध आयुष्यभर भांडला. जागेवरचा आवाज तोच खरा, हा त्याचा हट्ट.

चोरीला गेलं ते एक लहानसं रीळ होतं. त्यावर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'ला रेबोयोसा. स्वयंपाकघर. शांतता. एक मिनिट.'

"पुन्हा टेप कर," मी म्हटलं. "स्वयंपाकघर खालीच तर आहे."

"खोरं बदललंय, विना," तो म्हणाला. "ती शांतता आता जगात कुठंच नाही."

२

त्याचं खरं होतं. आमचा सिनेमा, 'कोळशाचं पाणी', आम्ही नोव्हेंबरात अस्तुरियासच्या या खाणगावात, ला रेबोयोसात, काढला होता. विम्याच्या कंपनीचा एक माणूस एका खाणकामगाराच्या मृत्यूची चौकशी करायला येतो आणि त्या मेलेल्याच्या बायकोच्या प्रेमात पडतो. तिनंच नवऱ्याला मारलंय हे त्याला कळतं, आणि त्याला कळलंय हे तिला कळतं. शेवटी कोणी गोळ्या झाडत नाही. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसतात, मोजून अकरा वाक्यं बोलतात, बाकी सगळी शांतता. त्या शांततेवरच अख्खा सिनेमा उभा होता.

आणि त्या शांततेखाली घरघर होती. डोंगरावरच्या खाणीचा हवेचा पंखा, ऐंशी वर्षं रात्रंदिवस चालणारा. गावातल्यांना तो ऐकूच यायचा नाही, इतका अंगात मुरलेला. मार्चमध्ये खाण बंद झाली आणि पंखाही थांबला. जूनमध्ये दोन राहिलेले शॉट घ्यायला आम्ही परत आलो, तेव्हा ओबदुलियाच्या खानावळीच्या दारात फेर्मिन थबकला. मान वाकडी करून उजवा कान डोंगराकडे केला आणि हळूच म्हणाला, "मेला."

खानावळ ओबदुलियाची. खाली सिद्रा, म्हणजे आमची सफरचंदाची दारू, आणि जेवण, वर भाड्याच्या खोल्या, मागं ते स्वयंपाकघर, जे आम्ही सिनेमासाठी वापरलं होतं. ओबदुलिया अठ्ठावन्नची, हाडापेरानं दणकट, तोंडानं फटकळ. सिद्रा ओतण्यात तिचा हात साऱ्या खोऱ्यात कोणी धरू शकत नसे. बाटली डोक्याच्या वर, ग्लास गुडघ्याशी, नजर भलतीकडेच, आणि थेंब बाहेर नाही. नोव्हेंबरात तिचा नवरा सेल्सो होता. जानेवारीत गेला. कोळशाच्या धुळीनं छाती भरलेली, या गावात बहुतेक त्यानंच जातात. आम्ही शूटिंग करत होतो तेव्हा ती त्याच्या खोकल्यावरून सगळ्यांदेखत करवादायची, की वीस वर्षं या बाबानं मला झोपू दिलं नाही, याला गोठ्यात झोपवा. तो बिचारा हसायचा आणि पुन्हा खोकायचा.

तर शनिवारी बारा वाजता खानावळ भरली होती. फेर्मिननं आपलं टेपचं यंत्र खाली आणलं आणि म्हणाला, मंडळी, तुमचा पंखा ऐकायचाय का? त्यानं ते रीळ लावलं.

काय सांगू तुम्हांला. घरघर सुरू झाली तसे डॉमिनो थांबले. व्हेनान्सिओ नावाचा खाणीतला जुना पुढारी होता, संपाच्या दिवसांत तुरुंगात जाऊन आलेला, त्यानं टोपी काढली. कोणी डोळे पुसले. ओबदुलिया त्या वेळी सिद्रा ओतत होती आणि तिची धार ग्लासाबाहेर गेली. सरळ फरशीवर. मी पाहिलं, कारण पाहणं हेच माझं काम. मला वाटलं, पंख्याच्या आवाजानं सगळेच हललेत, तीही हलली.

टेप संपली. टाळ्या झाल्या. व्हेनान्सिओ मात्र टोपी घालत ताडकन म्हणाला, "हा आवाज आमचा आहे. खाण घेतलीत, आता आवाजही माद्रिदला नेताय?"

तीनला निर्माता सोडून आम्ही सगळे खाणीकडे शूटिंगला गेलो. सातला परत आलो, तेव्हा रीळ गायब.

३

निर्माता लेआंद्रो. माद्रिदचा, मलमली सदरा, मनगटावर दगडाएवढं घड्याळ. वाईट माणूस नव्हे, पण त्याला सगळं कालच हवं असायचं. त्यानं ऐकलं आणि शांतपणे सांगितलं की उद्या दोन वाजता आपली गाडी निघते. तोवर रीळ मिळालं तर ठीक, नाहीतर तो सगळा सिनेमा स्टुडिओत नव्यानं आवाज भरून घेणार, आणि फेर्मिननं आता घरी बसून नातवंडं खेळवावीत. रीळ कोणी चोरलं यावर त्याचा विश्वासच नव्हता. त्याच्या मते म्हातारा कुठंतरी ठेवून विसरला.

फेर्मिन जिन्याच्या पायरीवर बसला आणि आपला डावा कान चोळत राहिला. मला इतका राग आला म्हणून सांगू. चाळीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांचे आवाज सांभाळले, आणि शेवटी त्याच्या नावावर काय, तर विसरभोळा. मी त्याला म्हटलं, तू जेवून घे, शोधायचं माझ्याकडे लागलं.

मी वर गेले. फेर्मिनची यंत्रं कोपऱ्यातल्या खोलीत होती, तिला कुलूप नव्हतं. दारात उभी राहून सेट बघावा तशी मी खोली बघितली. दुपारी निघताना मी तिथं माझी छत्री ठेवली होती, तेव्हा दोन्ही खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. आता त्या टेबलासमोर शेजारी शेजारी होत्या, तोंड यंत्राकडे. यंत्र अजून कोमट होतं, म्हणजे चोरानं रीळ उचललं नव्हतं नुसतं, आधी बसून ऐकलं होतं. टेबलावर ग्लासाचं एक ओलं कडं उमटलं होतं, एकच. आणि फळ्यांच्या जमिनीवर सिद्रेचा आंबूस वास. उजव्या खुर्चीपाशी फेकल्यासारखा लहान डाग, डाव्या खुर्चीपाशी दुसरा, चांगला मोठा.

हे बघून मी मनात म्हटलं, सापडलास लेका. आमच्याकडे सिद्रा पितात ती एकाच ग्लासातून, आळीपाळीनं. घोटभर ओतायची, एका दमात प्यायची, तळाची मात्र ठेवायची आणि जिथं ओठ लावले त्या कडेवरून जमिनीवर भिरकवायची, म्हणजे पुढच्याला धुतलेली कड मिळते. लहानपणापासून हाताला इतकी सवय, की मी एकदा माद्रिदला दंतवैद्याकडे चूळ भरायच्या ग्लासातलं पाणी त्याच्या गालिच्यावर भिरकावलं होतं. माद्रिदवाले तळापर्यंत पितात. लेआंद्रो तर ग्लास चाटूनपुसून परत द्यायचा आणि ओबदुलिया कपाळाला हात लावायची.

म्हणजे चोर इथलाच. आणि एक ग्लास, दोन खुर्च्या, दोन डाग. चोर दोन होते.

४

तरी लेआंद्रोला मी सोडलं नाही. दुपारभर खानावळीत वरच्या मजल्यावर तोच एकटा होता. विचारलं, साहेब, शूटिंगला का नाही आलात? तो म्हणाला की माद्रिदला फोन करत होता, आवाज भरणाऱ्या नटांच्या तारखा घ्यायला. सरळ कबूल केलं. रीळ नसलेलं त्याला सोयीचंच होतं, तेही कबूल केलं. भिंतीपलीकडून काही ऐकू आलं का, विचारलं तर म्हणाला, साडेपाचच्या सुमारास ती घरघर पुन्हा लागली होती. एकदा, मग परत एकदा, असं तासभर. त्याला वाटलं फेर्मिनच आहे. बोलण्याचा आवाज? नाही. दोन माणसं तासभर शेजारी बसली आणि एक शब्द बोलली नाहीत, हे मला जरा विचित्र वाटलं, पण मी ते बाजूला सारलं. तिथं माझं चुकलं.

खाली येऊन ओबदुलियाला विचारलं, दुपारी वर कोण गेलं होतं? ती ग्लास धूत होती. म्हणाली, मी काय जिन्याची चौकीदार आहे? व्हेनान्सिओ मात्र अर्धा तास डाव सोडून गायब होता, ते विचार त्याला. आणि पुन्हा ग्लास धुवायला लागली. एरवी ती कुठल्याही गोष्टीवर पाव तास बोलल्याशिवाय राहायची नाही.

व्हेनान्सिओचं नाव ऐकून माझा संशय पक्का झाला. हा आवाज आमचा, असं तोच म्हणाला होता. रविवारी सकाळी मी त्याला देवळाबाहेरच्या कट्ट्यावर गाठलं. तो देवळात जात नसे, पण बायको बाहेर येईपर्यंत बाहेर बसायचा. मी सरळच विचारलं, "व्हेनान्सिओकाका, काल अर्धा तास कुठं होतात? आणि बरोबर कोण होतं?"

काका म्हणाले की पंख्याकडे गेलो होतो. डोंगर चढून. टेप ऐकल्यावर राहवेना, म्हणून जाऊन त्या थंड लोखंडाला हात लावून आलो. "तुरुंगात होतो तेव्हासुद्धा मला घरघर ऐकू यायची पोरी. आता घरात बसून ऐकू येत नाही."

मला शरम वाटली. पण फेर्मिनचा चेहरा डोळ्यांपुढे होता, म्हणून रेटून मी ग्लास, खुर्च्या, डाग सगळं सांगितलं, आणि म्हटलं की दोन जण वर बसून प्यायले, हे तरी तुम्हांला मान्य आहे ना?

"दाखव," काका म्हणाले आणि उठले.

५

खोलीत आल्यावर काकांनी गुडघे टेकले. त्यांचे हात कायम थरथरत. तीस वर्षं दगडात ड्रिल धरून नसा गेलेल्या, कॉफीचा कपही दोन्ही हातांनी धरायचे. उजव्या खुर्चीपाशी बोटं टेकवली, डाव्या खुर्चीपाशी टेकवली, वास घेतला. मग आजूबाजूच्या फळ्या न्याहाळल्या आणि हसले.

"गिहोनची ना गं तू? समुद्रावरचे लोक तुम्ही, माशातलं कळतं तुम्हांला. हे बघ. ओतताना उडालेले थेंब कुठंयत?"

कुठंच नव्हते. या ठेंगण्या छताखाली कोणीतरी सिद्रा ओतली होती आणि एक शिंतोडा उडाला नव्हता. काकांच्या हातांनी हे सात जन्मांत झालं नसतं.

"आणि हे दुसरं," त्यांनी डाव्या खुर्चीकडे बोट केलं. "तळाची फेकली तर एवढाच डाग पडतो, त्या उजवीकडल्यासारखा. इथं अख्खी धार ओतलीय. एवढी टाकतं का कोणी? हे ज्याच्यासाठी ओतलं ना, त्यानं प्यायलंच नाही."

मी खुर्चीवर बसले. बसले ती उजव्या खुर्चीवर आणि डावी माझ्याशेजारी रिकामी होती.

दोन माणसं नव्हतीच. एकच होतं. स्वतःसाठी ओतलं, प्यायलं, तळाची फेकली. मग शेजारच्यासाठी ओतलं, त्याच्यापुढे धरलं असेल काही वेळ, आणि त्याची सगळीच्या सगळी जमिनीवर गेली. तासभर कोणी बोललं नव्हतं ते यामुळे.

काका टोपी हातात घेऊन जिन्यानं खाली गेले.

मी माझी नोव्हेंबरची वही काढली. मी सगळं लिहिते, शांततासुद्धा. पान सापडलं. 'स्वयंपाकघर. शांतता एक. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला कोठीच्या खोलीतून खोकला. नंतर लाकडावर दोन टकटक. फेर्मिन म्हणतो, आधीचं वापरता येईल, पुन्हा नको.'

काल सगळ्यांनी पंखा ऐकला होता. मीही पंखाच ऐकला. फक्त एका बाईची धार ग्लासाबाहेर गेली होती, आणि ती टेप सुरू झाल्यावर नव्हे, संपता संपता. मी पाहिलं होतं आणि वेळ टिपली नव्हती. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा.

६

ओबदुलिया स्वयंपाकघरात तांदळाची खीर ढवळत होती. ही खीर आमच्याकडे दोन-अडीच तास ढवळतात आणि ढवळणं थांबवलं की तळाला लागते, त्यामुळे ती उठून जाऊ शकत नव्हती. मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. पातेल्यात दालचिनीचा तुकडा गोल गोल फिरत होता. मी म्हटलं, दे, जरा मी ढवळते.

तिनं हातातला डाव दिला नाही.

मग मी हळूच म्हटलं, "सेल्सोनं सत्तेचाळीस सेकंद खोकला दाबून धरला होता गं. माझ्या वहीत आहे."

तिचा हात चालूच राहिला. म्हणाली, "सांगितलं होतं त्याला. सिनेमावाले हलू नका म्हणतायत, मेलास तरी खोकू नकोस, असं मीच दटावलं होतं. जांभळा पडला असेल तिकडे बसून."

"मागायचंस ना मग फेर्मिनकडे. त्यानं नाही म्हटलं असतं का?"

"काय मागू? माणसं फोटो मागतात, अंगठी मागतात. मी काय म्हणू, माझ्या नवऱ्याचा खोकला द्या? वीस वर्षं साऱ्या गावादेखत त्या खोकल्याला शिव्या घातल्या मी. आता अख्खं गाव हसेल."

मी म्हटलं, कोणी हसणार नाही. ती म्हणाली, जानेवारीपासून झोप नाही, विना. घर इतकं शांत झालंय की भीती वाटते. आधी तो गेला, मग पंखा गेला.

मग तिनं मला ते टकटकीचं सांगितलं. खोकून झालं की सेल्सो जे हाताशी येईल त्या लाकडावर दोनदा टकटक करायचा. खाटेवर, टेबलावर, दारावर. म्हणजे, बरा आहे मी, धावत येऊ नकोस. आणि ती जिथं असेल तिथून ओरडायची, ऐकलं! वीस वर्षं. ती 'ऐकलं' म्हणाली नाही तर तो पुन्हा टकटक करायचा, उत्तर मिळेपर्यंत.

"त्या दिवशी मी याच चुलीपाशी उभी होते. तुम्ही सगळ्यांना गप्प केलं होतंत. तो खोकला, त्यानं टकटक केली, आणि मी तोंड उघडलं नाही. सिनेमा बिघडेल म्हणून. त्यानं परत नाही केली टकटक, शहाण्यासारखा गप्प बसला." डाव क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरला. "तेवढं एक उत्तर राहिलंय माझं. म्हणून काल वर गेले. पण मशिनला कसं सांगायचं, ऐकलं म्हणून? त्याच्या वाटची ओतली, बसले, चार वेळा लावलं, आणि एकदाही तोंडातून शब्द फुटला नाही. मग वाटलं, घेऊन जावं, कधीतरी फुटेल."

माझं नाक वाहायला लागलं होतं. मी तिच्याच फडक्याला पुसलं आणि ती मला त्यावरून बोलली, स्वयंपाकाचं फडकं आहे ते म्हणून. बोलली म्हणून मला बरं वाटलं.

मी तिला फेर्मिनचं सांगितलं. त्याचा कान, त्याचं नाव, दोन वाजताची गाडी. हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, सिनेमावाल्यांकडे असली ढीगभर रिळं असतील, एक गेलं तर काय बिघडतं. ती पांढरी पडली. म्हणाली, खीर धर, आणि आयुष्यात पहिल्यांदा चुलीवरची खीर दुसऱ्याच्या हाती देऊन कोठीच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सेल्सोचा खाणीत न्यायचा डबा होता, ठिकठिकाणी पोचे आलेला. आत भाकरी गुंडाळायच्या रुमालात ते रीळ होतं.

७

लेआंद्रोला मी सांगितलं की रीळ माझ्याच पिशवीत सापडलं, माझी चूक. त्यानं मला वरून खाली पाहिलं. विना आणि चूक, हे काही त्याला पटलं नाही, पण रीळ समोर होतं.

फेर्मिनला मात्र मी खरं सांगितलं. तो ऐकत असताना कान माझ्याकडे वळवून बसला होता, उजवा. शेवटी म्हणाला, "मी तो खोकला ऐकलाच नव्हता. डावीकडून आला असणार. तू म्हणालीस म्हणून मी म्हटलं, आधीचं वापरू." आणि उठून यंत्र उचललं.

प्रश्न ओबदुलियासाठी त्या रिळाची नक्कल करण्याचा होता. ओबदुलियाकडे कॅसेटचा रेडिओ होता, जुना, त्याला वायर जोडायची सोय नव्हती, फक्त पुढं बारीक छिद्रांचा माइक. म्हणजे एकाच खोलीत एकीकडे टेप लावायची आणि दुसरीकडे कॅसेटवर ती हवेतून धरायची. कोरी कॅसेट गावात मिळेना. व्हेनान्सिओकाकांनी स्वतःची बॅगपाइपची कॅसेट आणून दिली, कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावून, म्हणजे तिच्यावर पुन्हा टेप करता येतं.

एक वाजता आम्ही सगळे स्वयंपाकघरात जमलो. काका टोपी काढून दाराशी. लेआंद्रो कोणी न बोलावता आला. काय चाललंय ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण मिनिटभरात कळलं असावं, कारण त्यानं मनगटावरचं ते दगडाएवढं घड्याळ काढलं आणि टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून खिशात कोंबलं. खीर चुलीवरून उतरवली होती. ओबदुलिया चुलीपाशी उभी राहिली, नोव्हेंबरात होती तिथंच.

फेर्मिननं हात वर केला, नेहमीसारखा. एक मिनिट, मंडळी, कोणी हलायचं नाही.

पंखा सुरू झाला. ऐंशी वर्षांची घरघर त्या स्वयंपाकघरात परत आली आणि काकांचे हातसुद्धा थरथरायचे थांबले, निदान मला तसं वाटलं. मी सेकंद मोजत होते. चाळीस. पंचेचाळीस. शेहेचाळीस.

सेल्सो खोकला. खोल, ओला, दाबून दाबून शेवटी सुटलेला. मग लाकडावर टकटक, दोनदा.

ओबदुलियानं तोंड उघडलं, मिटलं. तिनं ओट्याची कड घट्ट धरली होती. पंखा चालू होता. पन्नास. एक्कावन्न. मला वाटलं, याही वेळी राहिलं.

"ऐकलं रे," ती म्हणाली. हळू, पण स्वच्छ. "ऐकलं. नीज आता."

कोणी हललं नाही. पंखा साठाव्या सेकंदापर्यंत चालला आणि थांबला. फेर्मिननं कॅसेट बंद केली, यंत्र बंद केलं, आणि उजवा कान माझ्याकडे करून नजरेनंच विचारलं, चाललं का, की पुन्हा घ्यायचं?

मी वही उघडली आणि लिहिलं: 'स्वयंपाकघर. शांतता दोन. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला खोकला, दोन टकटक. बावन्नाव्याला उत्तर. टेक ओके.'